कुत्रा कोणत्या जातीचा?

ज्या घरी कुत्रा आहे त्या घरी पाहुणा गेला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "कोणत्या जातीचा हो?" यजमान एका शब्दात उत्तर देतात. अल्सेशियन, लॅब्राडॉर, पॉमेरेनियन, मुधोळ, किंवा थोडेसे संकोचून, "छे हो, आपला साधा गावठीच आहे." प्रश्न तेथेच मिटतो आणि पाहुण्याच्या मनात त्या कुत्र्याची किंमत ठरून जाते. परंतु पाहुणा जर जरा वेळ बसला आणि "काय काय करतो हा?" एवढेच त्याने विचारले, तर चहा निवून जातो तरी उत्तर संपत नाही. घरधनी कचेरीतून यावयाच्या वेळी हा आधीच फाटकाशी जाऊन बसतो. आजी जपाला बसल्या की त्यांच्या आसनाला पाठ टेकून निजतो. धाकट्याला कोणी रागे भरले की मध्ये येऊन उभा राहतो. ह्या दुसऱ्या उत्तरात जातीचा उल्लेख क्वचितच येतो.

ह्या दोन उत्तरांमध्ये जे अंतर आहे त्याचाच विचार येथे करावयाचा आहे. कुत्र्याची जात म्हणजे नेमके काय, तिच्यावरून काय कळते आणि काय कळत नाही, हे नीट न समजल्यामुळे पुष्कळ घरांत भलताच कुत्रा येतो आणि त्या भूलचुकीचे प्रायश्चित्त त्या मुक्या जनावरास भोगावे लागते. शिवाय आपणां महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसांस ह्या विषयाचे अगत्य वाटण्याचे आणखीही एक कारण आहे. दख्खनच्या ज्या देखण्या कुत्र्याचे नाव आज देशभर घेतले जाते, त्याला नावारूपास आणणारे संस्थान मराठी घराण्याचे होते आणि ते आजच्या महाराष्ट्राच्या सीमेपलीकडे आहे.

ओसरीपासून पालखीपर्यंत

मराठी माणसाचे कुत्र्याशी असलेले नाते मोठे विलक्षण आहे. भाषेत पाहावे तर कुत्र्याच्या वाट्याला हेटाळणीच आलेली. त्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, आणि एखाद्याची दुर्दशा सांगावयाची तर "कुत्रे हाल खाणार नाही" असे आपण म्हणतो. देवघराकडे वळावे तर चित्र अगदी निराळे दिसते. दत्तात्रेयांच्या पायाशी चार कुत्री आहेत आणि भाविक त्यांना चार वेदांचे प्रतीक मानतात. खंडोबाच्या सोबत कुत्रा असतो, आणि त्याला वाहिलेले वाघ्ये स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवून घेण्यात धन्यता मानीत आले. उज्जैनच्या कालभैरवाचे वाहनही श्वानच. पोळी तोंडात धरून पळणाऱ्या कुत्र्यामागे "कोरडी खाऊ नको रे" म्हणत तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव महाराज आपण लहानपणापासून ऐकत आलो; आणि सोबतच्या कुत्र्याला सोडून स्वर्गात पाऊल टाकण्यास नकार देणारा धर्मराजही.

जुन्या वाड्यांतील रीत ह्या दोहोंच्या मधली होती. सोवळ्याओवळ्यामुळे कुत्रा ओसरीच्या आत येत नसे. परंतु त्याच्या नावाची भाकरी रोज बाजूला निघे. रायगडावरील वाघ्याच्या स्मारकाविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत आणि त्या वादात आम्ही शिरत नाही. साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या कुत्र्याची कथा मात्र ग्रँट डफने आपल्या १८२६ सालच्या मराठ्यांच्या इतिहासात नोंदविली आहे. शिकारीच्या वेळी ह्या कुत्र्याने महाराजांचे प्राण वाघापासून वाचविले. महाराजांनी त्याच्या नावे सनद करून दिली, पालखीचा मान दिला. आणि एकदा तर भर दरबारात त्याला जरीची वस्त्रे व दागिने घालून स्वतःचे पागोटे त्याच्या मस्तकी ठेवले. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, संगम माहुली येथे, खंड्या ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या कुत्र्याची समाधी दाखवितात. ओसरीवरच्या कुत्र्याला पालखीत बसविणारा हा मान त्याच्या जातीमुळे मिळाला नव्हता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

घटप्रभेकाठचे वैभव

बेळगावच्या पूर्वेस, घटप्रभा नदीच्या काठी मुधोळ हे गाव आहे. आज ते कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात मोडते. परंतु १९४८ साली विलीन होईपर्यंत ते घोरपडे ह्या मराठा घराण्याचे संस्थान होते. ह्या घराण्यातील राजेसाहेब मालोजीराव घोरपडे ह्यांचे लक्ष आपल्या मुलुखातील बेरडांजवळ, म्हणजे कानडीत ज्यांना बेडर म्हणतात त्या लोकांजवळ, असलेल्या उंच, सडपातळ शिकारी कुत्र्यांकडे गेले. निवडक नर-माद्या जमवून त्यांनी ह्या कुत्र्यांची काळजीपूर्वक पैदास करविली. पुढे त्यांतील एक जोडी त्यांनी पंचम जॉर्ज बादशहास नजर केली, आणि 'मुधोळचे शिकारी कुत्रे' हे नाव तेव्हापासून रूढ झाले असे सांगतात.

कुत्रा मात्र संस्थानाहून पुष्कळ जुना. व्यापारी तांड्यांबरोबर आणि फौजांबरोबर मध्य आशियातून व अरबस्तानातून दख्खनमध्ये आलेल्या सलुकी व ताझी कुत्र्यांचे रक्त ह्याच्यात असावे असे जाणकार मानतात. तांड्यांबरोबर फिरणारा म्हणून सोलापूर-लातूरकडे त्याला 'कारवान' म्हणतात. कान, पाय आणि शेपटी ह्यांवर रेशमासारखे लांब केस असले तर तोच 'पश्मी' होतो. नराची खांद्याजवळची उंची सुमारे ७० सेंटिमीटर. निमुळते लांब तोंड, खोल छाती, आत ओढलेले पोट आणि धनुष्याप्रमाणे किंचित कमानदार पाठ. हा कुत्रा वासापेक्षा नजरेने शिकार करतो. दूर माळावर ससा हलला की तो ह्याला दिसतो, आणि मग तो दृष्टीआड होईपर्यंत ह्याचे पाय थांबत नाहीत.

ह्या कुत्र्याचे मालक त्याच्या रूपाइतकेच त्याच्या स्वभावाचे कौतुक करतात. तो लाळघोटा नाही. परक्याचा हात अंगास लागलेला त्याला खपत नाही. पाहुणा कितीही चुचकारो, हा मान वळवून दूर जाऊन बसतो. ज्याला तो आपला मानतो त्याच्या पायाशी मात्र तासन् तास निमूटपणे पडून राहतो. अशा मानी वृत्तीचे आपल्याकडे पूर्वीपासूनच अप्रूप आहे.

मानमरातबही ह्या कुत्र्याला पुष्कळ मिळाला. २००५ साली टपाल खात्याने चार भारतीय कुत्र्यांची तिकिटे काढली, त्यांत हिमालयीन मेंढपाळी, रामपूर व राजपालयम् ह्यांच्या पंक्तीस मुधोळ होता. २०१६ साली ह्या जातीची पिल्ले लष्कराच्या मीरत येथील केंद्रात शिक्षणासाठी गेली. २०२० साली पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील 'मन की बात'मध्ये त्याचे नाव घेतले. मुधोळजवळ तिम्मापूर येथे पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन व माहिती केंद्र आहे, आणि तालुक्यातील कित्येक शेतकरी कुटुंबे पिल्ले वाढवून जोडधंदा करतात.

येथे एक धोक्याची सूचना द्यावीशी वाटते. कौतुक वाढले की मागणी वाढते, आणि मागणी शहरातून येते. ज्या कुत्र्याचे सारे अंग माळरानावर धावण्यासाठी घडले आहे तो चौथ्या मजल्यावरील दोन खोल्यांत, गॅलरीच्या गजाला साखळीने बांधला जातो. तो खिन्न होतो, कुरतडतो, जिना दिसला की पळून जातो. आणि मग "ही जातच हट्टी" असा शेरा त्याच्या माथी बसतो. आपल्या मुलुखाचा अभिमान म्हणून मुधोळ पाळावयाचा असेल तर त्याला रोज धावावयास मोकळे, कुंपणाचे रान देता येईल काय, हे आधी पाहावे. शेत असलेल्या बेळगाव-निपाणीकडच्या घरांस ते सहज जमेल. शहरातील सदनिकेत ते कठीण आहे.

जात म्हणजे अंगात भिनलेले काम

मुधोळविषयी जे म्हटले तेच थोड्याफार फरकाने प्रत्येक जातीस लागू पडते. कुत्र्याची जात म्हणजे कुळाचा बडेजाव नव्हे. माणसाने एखाद्या कामासाठी पिढ्यान् पिढ्या निवडून घडविलेले ते शरीर असते. काम सुटले तरी शरीर आणि त्या शरीराची ओढ सुटत नाही.

अल्सेशियनचेच पाहा. मॅक्स फॉन स्टेफानिट्झ ह्या जर्मन घोडदळातील कप्तानाने १८९९ साली एका प्रदर्शनात एक मेंढपाळी कुत्रा पाहिला, तो तेथल्या तेथे विकत घेतला, त्याचे नाव होरांड ठेवले, आणि त्याच्यापासून ही जात बांधेसूद केली. तिचे खरे नाव जर्मन शेफर्ड. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांस 'जर्मन' हा शब्द सोसवेना, म्हणून त्यांनी 'अल्सेशियन' हे नाव पाडले आणि आपल्याकडे तेच पोहोचले. आपल्या जुन्या बंगल्यांच्या फाटकांवर 'कुत्र्यापासून सावध रहा' अशी जी पाटी असे, तिच्यामागे बहुधा हाच उभा असावयाचा. ह्याच्या मालकांस त्याचे सर्वांत मोठे कौतुक वाटते ते त्याच्या जबाबदारीच्या जाणिवेचे. मंडळी फिरावयास निघाली आणि कोणी मागे रेंगाळले की हा परत फिरून त्याला गोळा करून आणतो. मेंढ्या राहिल्या नाहीत, म्हणून तो माणसे राखतो. पण काम न मिळालेला अल्सेशियन सावलीवरही भुंकू लागतो. त्याला शिकवावे लागते, रोज आणि चिकाटीने.

लॅब्राडॉरचे मूळ न्यूफाउंडलंडच्या गार किनाऱ्यावर. तेथील कोळ्यांची जाळी ओढणारा, निसटलेले मासे धरून आणणारा पाणकुत्रा इंग्लंडात गेला आणि गोळी लागून पडलेले पक्षी अलगद तोंडात धरून आणण्याचे काम त्याने पत्करले. इंग्लंडच्या केनेल क्लबने १९०३ साली ह्या जातीस मान्यता दिली. मऊ तोंड, गोड स्वभाव आणि काहीतरी आणून हातात देण्याची हौस हे त्याचे वाडवडिलांपासून चालत आलेले गुण. ह्याच्या घ्राणशक्तीचे ऋण मुंबईवर आहे. १९९३ सालच्या बॉम्बस्फोटांनंतर पोलिसांच्या 'जंजीर' नावाच्या लॅब्राडॉरने तीन हजार किलोंहून अधिक स्फोटक द्रव्य हुडकून दिले, आणि २००० साली तो गेला तेव्हा पोलिसांनी त्याला सन्मानाने निरोप दिला. ह्या गुणी जातीचा एक दोष मात्र घरोघर परिचित आहे, तो म्हणजे अतृप्त भूक. "आत्ताच जेवला, तरी पाहा कसा बघतो!" असे म्हणून गृहिणी आणखी एक पोळी टाकते. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिले की सुमारे दर चार लॅब्राडॉरांपैकी एकात भुकेचे नियमन करणाऱ्या एका जनुकाचा तुकडाच गळालेला असतो. तेव्हा त्या केविलवाण्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नये. लठ्ठपणा त्याचे सांधे आणि आयुष्य दोन्ही खातो.

डॅशहुंड हा त्याहून गमतीचा. जर्मन भाषेत 'डाक्स' म्हणजे बिज्जू आणि 'हुंड' म्हणजे कुत्रा. बिळात शिरून बिज्जूशी झुंजण्यासाठी त्याचे पाय आखूड आणि अंग लांब ठेवले गेले. एवढ्याशा देहातून एवढा भरदार आवाज कसा निघतो ह्याचे नवल वाटते. पण बिळाच्या तळातून मालकाला हाक पोहोचावयाची तर तो आवाज हवाच. लहान जागेत राहणाऱ्यांस हा आवडतो, मुलांच्या मांडीवर मावतो, आणि अंगाने लहान असूनही कोणास भीत नाही. त्याची लांब पाठ हीच त्याची दुखरी बाजू. पलंगावरून उड्या आणि दिवसातून दहा वेळा जिने ह्यांनी मणक्यांमधील चकती सरकते आणि मागचे पाय जातात. ज्यांच्या घरी जिना आहे त्यांनी ह्याला कडेवर घेऊन उतरविण्याची तयारी ठेवावी.

आपल्या उन्हात परमुलुखाचे पाहुणे

आपल्याकडे ज्याला सरसकट पॉमेरेनियन म्हणतात तो पांढराशुभ्र, टोकदार कानांचा कुत्रा बहुधा इंडियन स्पिट्झ असतो. त्याचे पूर्वज जर्मनीकडचे, ब्रिटिश अमदानीत आलेले. पण इतक्या पिढ्या येथे काढल्यावर तो ह्या हवेचा झाला आहे. वरणभातावर राहतो, चाळीत रमतो, दारावरची घंटा वाजण्यापूर्वीच वर्दी देतो. १९९४ सालच्या 'हम आप के हैं कौन' ह्या चित्रपटातील टफी ह्याच जातीचा होता, आणि त्यानंतर कित्येक घरांत टफी नांदू लागले. परप्रांतात येऊन तेथलाच होऊन गेलेल्या ह्या कुत्र्याविषयी आपणांस आपुलकी वाटली तर नवल नाही.

सर्वच पाहुण्यांस असे रुळता येत नाही. २००३ साली एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत एका लहान मुलामागे निष्ठेने चालणारा चपट्या तोंडाचा पग दूरचित्रवाणीवर दिसला आणि देशभर पगची लाट आली. आता, कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकून, जीभ बाहेर काढून तो शरीरातील उष्णता घालवितो. पगचे नाकाड माणसाने हौसेखातर इतके आखूड केले की त्याला साधा श्वासही धडपणे घेता येत नाही. तो झोपेत घोरतो, ते ऐकून आपण हसतो. पण त्या घोरण्यात त्याची श्वासासाठी चाललेली धडपड असते. ग्वाल्हेरच्या किंवा हैदराबादच्या मे महिन्यात दुपारी बाहेर नेलेला पग उष्माघाताने दगावू शकतो. बर्फात गाड्या ओढणारा सैबेरियन हस्की आणि आल्प्सच्या घाटातील मठात वाढलेला सेंट बर्नार्ड ह्यांचीही तीच कथा. वातानुकूलित खोलीत त्यांना ठेवता येते हे खरे; पण जन्मभर एका खोलीत ठेवावे लागेल असा सोबती आणावाच कशाला, असे आम्हांस प्रामाणिकपणे वाटते.

गावठी म्हणून संकोच कशाला?

ह्या सर्व नामावळीत ज्याचे नाव घेताना यजमान संकोचतात तो गावठी कुत्रा आपल्या हवेसाठी कोणी घडविला नाही. हवेनेच त्याला घडविला. आखूड केस, उभे कान, बेताची शरीरयष्टी, लांब पाय. ऊन, पाऊस आणि उपासमार ह्यांतून जे तगले त्यांचा हा वंश. ठरावीक साच्यासाठी जवळच्या नात्यात पैदास न झाल्यामुळे जातिवंत कुत्र्यांचे पुष्कळसे आनुवंशिक विकार ह्याच्या वाट्यास येत नाहीत.

आपली भाकरी ह्याला मानवते ह्यामागेही इतिहास आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसून आले की लांडग्याच्या तुलनेत कुत्र्यामध्ये पिष्ट पदार्थ पचविणाऱ्या जनुकाच्या प्रती कितीतरी अधिक असतात. माणूस शेती करू लागला, धान्य खाऊ लागला, आणि त्याच्या उकिरड्याशी जगणारा कुत्राही धान्य पचवू लागला. दूधभाकरीचे नाते असे रक्तात उतरलेले आहे. अर्थात नुसत्या भाकरीने भागत नाही. अंडी, मांस, मासळी किंवा पशुवैद्य सुचवतील ते प्रथिनयुक्त अन्न हवे.

गावठी पिल्लू रस्त्यावरून उचलून आणणाऱ्यांस एक अनुभव हमखास येतो. पहिले काही दिवस ते कोपऱ्यातून बाहेर येत नाही. मग एके दिवशी आपण होऊन पायाशी येऊन बसते, आणि त्यानंतर त्या घराची राखण हे त्याचे जीवितकार्य होऊन बसते.

भाषा ओळखणारा सोबती

आता मूळ प्रश्नाकडे वळू. जातीवरून स्वभाव कळतो काय? अमेरिकेतील संशोधकांनी अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती मिळविली, त्यांपैकी पुष्कळ कुत्र्यांचे जनुक तपासले आणि २०२२ साली निष्कर्ष मांडला की कुत्र्याकुत्र्यांच्या वागणुकीत जो फरक दिसतो त्यातील जेमतेम ९ टक्के फरकाचा उलगडा जातीवरून होतो. रूप, आकार, केस ह्यांबाबत जात पुष्कळ सांगते. धावण्याची, हुंगण्याची, आणून देण्याची ओढ किती असेल ह्याचाही काही अंदाज देते. परंतु हा कुत्रा मायाळू निघेल की तुसडा, भित्रा की धीट, हे त्याच्या बालपणावर, घरावर आणि त्याच्या स्वतःच्या पिंडावर ठरते. सख्ख्या भावंडांतही दोन स्वभाव सारखे नसतात, हे आपण आपल्या घरी पाहतोच.

मग मालकांस आवडते ते नेमके काय? आमच्या मते, आपली दखल घेतली जाते ही जाणीव. जपानी संशोधकांनी २०१५ साली दाखविले की कुत्रा आणि त्याचा मालक एकमेकांच्या डोळ्यांत पाहत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे द्रव्य वाढते. आई आणि तान्हे मूल ह्यांच्यामधला जिव्हाळा ज्या द्रव्यामुळे दृढ होतो तेच हे द्रव्य.

हंगेरीतील एक प्रयोग तर आपल्यासारख्या परभाषिक मुलुखात राहणाऱ्यांनी मुद्दाम ऐकावा असा आहे. बुडापेस्ट येथील संशोधकांनी अठरा कुत्र्यांना मेंदूची छायाचित्रे घेणाऱ्या यंत्रात स्वस्थ पडून राहावयास शिकविले आणि त्यांना 'लिटल प्रिन्स' ह्या पुस्तकातील उतारा स्पॅनिश व हंगेरियन अशा दोन भाषांतून ऐकविला. घरी बोलली जाणारी भाषा आणि अनोळखी भाषा ह्यांना कुत्र्यांच्या मेंदूने निरनिराळा प्रतिसाद दिला. ह्या प्रयोगाची प्रेरणाही मोठी हृद्य होती. प्रमुख संशोधिका आपल्या कुत्र्यासह मेक्सिकोहून हंगेरीत राहावयास आली होती, आणि आजूबाजूचे लोक दुसरी भाषा बोलतात हे आपल्या कुत्र्याला जाणवत असेल काय, असा प्रश्न तिला पडला होता.

वडोदऱ्याच्या गुजराती गल्लीत किंवा इंदूरच्या हिंदी मोहल्ल्यात आपले कुत्रे दिवसभर निराळी भाषा ऐकत असते, आणि संध्याकाळी कोणी "अरे मोत्या, ये रे बाळा" म्हणाले की कान टवकारते. आपण त्याला हुकूम इंग्रजीतून सोडतो, 'सिट' आणि 'कम'. पण लाड करावयाचे झाले की मराठीच तोंडात येते. ह्यातील कोणती भाषा घरची, हे त्याला नक्कीच कळत असणार.

आणण्यापूर्वी

ज्यांच्या घरी मुले कुत्र्यासाठी हट्ट धरून बसली आहेत त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगणे अगत्याचे आहे.

पिल्लू आठ आठवड्यांचे होईपर्यंत आईपासून तोडू नये. विकत घ्यावयाचे असेल तर त्याची आई आणि तिला ठेवण्याची जागा स्वतः पाहावी. जो विक्रेता ती दाखविण्यास टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नये. लसींचे वेळापत्रक पशुवैद्यांकडून लिहून घ्यावे. रेबीजची पहिली लस साधारणतः तीन महिन्यांच्या सुमारास देतात आणि पुढे ती ठरल्या वेळी देत राहावी लागते. कुत्रा चावला, मग तो घरचा असो वा दारचा, तर जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. हळद, चुना, तिखट ह्यांच्या भरवशावर राहू नये.

आपल्या स्वयंपाकघरातील कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशींचा नाश करतात. द्राक्षे, मनुका व बेदाणे मूत्रपिंडास घातक ठरतात. तेव्हा सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा प्रेमाने भरविण्यापूर्वी त्यात बेदाणे नाहीत ना, हे पाहावे. चॉकलेटही वर्ज्य.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वर्षांचा हिशेब. कुत्र्याचे आयुष्य दहा ते चौदा वर्षांचे. फार मोठ्या जातींचे त्याहून कमी, लहान जातींचे अधिक. दहावीतला मुलगा हट्टाने पिल्लू आणतो. तीन वर्षांनी तो शिक्षणासाठी पुण्यास किंवा बंगळूरास जातो, मग नोकरीसाठी परदेशी. पिल्लाचा दांडगा कुत्रा झालेला असतो आणि त्याची साखळी साठी ओलांडलेल्या आईवडिलांच्या हातात येते. आपल्या मध्यमवर्गीय मराठी घरांत हे चित्र आता ओळखीचे झाले आहे. वडिलांना त्याच्या ओढीने चालवत नाही, आईला त्याला अंघोळ घालणे झेपत नाही. कित्येक कुत्री अशा वेळी गावाबाहेर सोडून दिली जातात. आणि बारा वर्षे घरात वाढलेल्या जनावरास रस्त्यावर चार दिवसही काढता येत नाहीत. म्हणून कुत्रा निवडताना मुलाच्या हौसेबरोबर आईच्या मनगटातील बळही जमेस धरावे. वयस्कर जोडप्याने पिल्लाऐवजी मोठा झालेला, शांत स्वभावाचा कुत्रा आणावा. अशी बेवारस पण घर पाहिलेली कुत्री प्राणिमित्र मंडळींकडे पुष्कळदा असतात.

ज्या घरांनी हा हिशेब आधी केला त्यांना मिळणारे सुखही थोडेथोडके नाही. मुले दूर गेल्यावर सुन्या झालेल्या घरात सकाळी सहा वाजता कोणीतरी पांघरूण ओढते, फिरावयास चला म्हणते, आणि त्या निमित्ताने दोन म्हाताऱ्या जिवांचे रक्त खेळते राहते. पुढे तोही थकतो. तोंडावरचे केस पांढरे होतात, डोळ्यांत निळसर झाक येते, जिना चढवेनासा होतो. तेव्हा त्याला उचलून वर न्यावे, त्याचे अंथरूण उबेच्या जागी घालावे, आणि त्याची भाकरी दुधात चांगली कुसकरून द्यावी. एवढे करण्याची आपल्या घराची तयारी असेल, तर जात कोणतीही असो, पिल्लू खुशाल आणावे.